ताठ मानेनं

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

आज अपघात झाला. माझी काही चूक नाही, हे आधी लिहून ठेवतो. नंतर गोंधळ नको.

कागलला साखरपुडा होता. येताना हायवे मोकळा होता. गाडी मीच चालवत होतो, कारण हिला, म्हणजे संयोगिताला, मी गाडी शिकवलेली नाही. (ड्रायव्हिंग स्कूल माझं आहे म्हणून घरच्यांना फुकट शिकवत बसलो तर धंदा कसा होणार.) मी तिला रिअ‍ॅक्शन टाइम समजावत होतो. चांगला ड्रायव्हर कुठल्याही क्षणी गाडी जागेवर थांबवू शकतो, वगैरे. ती खिडकीबाहेर बघत "व्हय, व्हय" म्हणत होती. नुसतं सांगून तिला काही कळत नाही. म्हणून ब्रेक मारून दाखवला.

डेमोन्स्ट्रेशन शंभर टक्के यशस्वी. गाडी जागेवर थांबली.

मागचा दुधाचा टेम्पो थांबला नाही. त्याने अंतर ठेवलं नव्हतं. मी आरशात बघितलं होतं की नाही, हा प्रश्न गौण आहे. टेम्पोवाला तोहिद नावाचा. उतरला आणि आधी हिच्याकडं गेला. "वैनी, लागलं काय?" मला विचारलं नाही. संस्कार.

लोक जमले. मी सगळ्यांना सांगितलं, कुत्रं आडवं आलं. पब्लिकला सोप्या भाषेत सांगावं लागतं. डेमोन्स्ट्रेशन सगळ्यांना कळत नाही.

ही मान धरून बसून होती. तिच्या सीटला हेडरेस्ट नाही. तो मीच काढून ठेवलाय, रिव्हर्स घेताना मागचं दिसत नाही म्हणून. व्यावसायिक निर्णय आहे.

माझी मान: उत्तम. आजोबा लाल मातीतले. आमच्या घराण्यात मान कुणाची दुखत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार.

सकाळी उशीवरून डोकं उचलेना. उशी चुकीची होती.

ही पण म्हणाली, माझी मान वळंना झाल्या. मी म्हणालो, माझं बघून तुला वाटतंय. असं होतं. मुलगी क्रांती लहान असताना एका पोरीला ताप आला की अख्ख्या वर्गाला यायचा.

हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. एकटाच. त्यांनी मान चाचपली, एक्स-रे काढला. हाडं शाबूत. म्हणाले, व्हिपलॅश आहे. मागून धक्का बसला की डोकं चाबकासारखं मागं जातं आणि पुढं येतं. आतले स्नायू, अस्थिबंध ताणले जातात. ते एक्स-रेत दिसत नाही, आणि दुखणं पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उमटतं. घाबरू नका, बहुतेक लोक बरे होतात, फक्त मान हळूहळू हलवत ठेवा. झोपून राहू नका. पट्टा अगदीच लागला तर चार दिवस, तोही अधूनमधून.

म्हणजे पट्टा लागणार. घेतला. चांगला उंच घेतला.

जाताना डॉक्टरांनी विचारलं, शेजारी कोण होतं? मिसेस, म्हणालो. त्यांनाही घेऊन या, म्हणाले. मी म्हणालो, ती ठणठणीत आहे. एका घरात दोन पेशंट झाले तर चहा कोण करणार? डॉक्टर हसले नाहीत. कामाचा ताण असेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

पट्ट्यात माणूस भारदस्त दिसतो. फोटो ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'ड्यूटीवर जखमी.' पुष्कळ हात जोडलेले आले. एकाने चुकून केक पाठवला.

दिवसभर पाहुणे. केळी, मोसंबी, शहाळी. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागतं. सांगून सांगून आता चांगलं जमायला लागलंय. कुत्रं पहिल्या दिवशी नुसतं कुत्रं होतं. आता पिल्लाला वाचवायला धावलेली कुत्री आहे. बायका हळहळतात.

पाहुण्यांसमोर हिच्या हातून चहाचा ट्रे पडला. म्हणाली, हातातलं बळच गेलं एकदम. मी वेळ सावरली. म्हणालो, हिला ब्रेकच लागत नाही. सगळे हसले. ही आत गेली ती बाहेर आलीच नाही. कपांचे तुकडे शेवटी पाहुण्यांनी गोळा केले.

हिला विनोद कळत नाही. लग्नाआधी कळायचा असं आठवतं.

१६ फेब्रुवारी, रविवार.

संकल्प. महिनाअखेर मान पहिल्यासारखी. मी ठरवलं की होतं.

डॉक्टरांनी लिहून दिलेले व्यायाम वाचले. हनुवटी आत घ्या. मान हळू उजवीकडं, हळू डावीकडं. दुखेल तिथं थांबा. हे व्यायाम आहेत की भरतनाट्यम? मी तो कागद फ्रीजवर लावून टाकला. पट्टा मात्र काटेकोर. झोपताना, जेवताना, दाढी करताना. दाढी अर्धीच होते.

तालमीत गेलो. वस्ताद म्हणाले, मालिश करायला हरकत न्हाय, पर ताजा मार हाय, डॉक्टरला इचारलंस का? मी म्हणालो, विचारलंय. त्यांनी तेल लावून हलकं चोळलं. मला ते पटेना. ओढा, म्हणालो. ते नको म्हणत होते. मीच आग्रह केला. पैलवानाच्या नातवाला काय होतंय.

मानेतून आवाज आला. सुटली बहुतेक.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

उठलो तर खोली फिरत होती. दोनदा उलटी. कालचा तांबडा रस्सा बाधला.

मान डावीकडं अजिबात वळत नाही. उजवीकडंही. खाली-वर पण नाही, म्हणजे एकंदरीत समतोल आहे.

वस्तादांना फोन करून झापलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

घरात लक्ष नाही हिचं. आमटीत मीठ नाही, दुसऱ्या दिवशी दोनदा. खिडकीचे पडदे ओढून झोपून असते. म्हणते उजेड सोसत नाही, डोक्याच्या मागून कळ येत्या, मनगटापर्यंत मुंग्या येतात. मी शांतपणे समजावलं, एका अपघाताचा एक पेशंट असतो. तुला मार लागला असता तर तिथंच कळलं असतं.

ती म्हणाली, "तुम्हाला तरी तिथं कुठं कळलं?"

वाद घालायची सवय. पट्ट्यामुळे मला मान हलवून नकार पण देता येईना.

संध्याकाळी मुंग्यांबद्दल इंटरनेटवर वाचलं. नस दबल्याचं लक्षण असू शकतं म्हणे, दाखवून घ्यावं. लगेच माझ्या हाताला आल्यासारखं वाटलं. उद्या डॉक्टरांना फोन करतो. माझ्यासाठी.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

धक्कादायक. संयोगिता रोज दुपारी भाजीला जाते म्हणून सांगून केएमटीच्या बसने फिजिओथेरपीला जाते. शेजारच्या तानाबाईंनी बघितलं. त्यांना वाटलं मला माहीत असेल. मी माहीत असल्यासारखं केलं.

विचारलं तर म्हणाली, तुमच्याच डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाठवलं.

म्हणजे डॉक्टरही सामील. दुपारी मीही सोबत गेलो. काय चाललंय ते बघायला. फिजिओथेरपिस्ट मेहक नावाची मुलगी आहे, क्रांतीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तिने हिला मान वळवायला सांगितली. हिने जराशी वळवली आणि डोळ्यांतून पाणी आलं. मेहक म्हणाली, परवापेक्षा जास्त वळली काकी, बघा. ही हसली. अपघातानंतर पहिल्यांदा हसताना बघितली. एवढ्याशा वळण्याचं काय कौतुक.

मेहकने मला विचारलं, काकी बसल्या होत्या त्या सीटला हेडरेस्ट होता का? मी म्हणालो, तो टेक्निकल विषय आहे. तिने ते लिहून घेतलं नाही. मग माझ्या पट्ट्याकडं बोट केलं. म्हणाली, काका, एवढे दिवस? हा काढा, मान लाकूड होईल. स्नायू काम विसरतात.

मी म्हणालो, आमच्या मानेला तुझ्या वयापेक्षा जास्त अनुभव आहे.

येताना केएमटीत एका माणसाने पट्टा बघून मला जागा दिली. ही दांडीला धरून उभी राहिली. एकच जागा होती.

४ मार्च, मंगळवार.

टेम्पोवाला तोहिद घरी आला. चहा सांगितला तर नको म्हणाला, रोजा हाय. मी मनात म्हटलं, अपराधी माणसाला चहा जात नाही. रोजाचं नंतर लक्षात आलं, पण मुद्दा तोच.

म्हणाला, "साहेब, पोलिसात तुम्ही कुत्रं आडवं आलं म्हणून सांगितलं. मी मागं होतो. कुत्रं न्हवतं. मोकळ्या रस्त्यावर तुम्ही उभंच केलं की गाडीला. माझं अंतर कमी होतं, ते मी मान्य करतो. पर सगळं माझ्यावर आलंय. मालकानं गाडीवरनं उतरवलंय. लायसन जाईल म्हणत्यात."

मी त्याला सुरक्षित अंतरावर लेक्चर दिलं. तीन सेकंदांचा नियम, ओला रस्ता, कोरडा रस्ता. माझ्या स्कूलमध्ये रिफ्रेशर कोर्स आहे तेही सांगितलं. तो ऐकत बसला. मान खाली घालून. त्याची मान व्यवस्थित वाकते, हे माझ्या लक्षात आलं.

जाताना दारात ही उभी होती. त्याने विचारलं, "वैनी, मान कशी हाय?"

ही म्हणाली, "दुखत्या, भावजी. लई दुखत्या."

परक्या माणसाला एका दमात सांगितलं. मला कधी असं नीट सांगितलं नाही.

८ मार्च, शनिवार.

महिला दिन. आमच्या स्कूलतर्फे लेडीज बॅचसाठी ग्राउंडवर छोटा मांडव, भाषण, प्रात्यक्षिक. जोतीराम म्हणत होता, सर, प्रात्यक्षिक मी करतो, तुमची मान वळंना. जोतीराम माझ्याकडं अकरा वर्षं शिकवतोय, पण स्टेज आपलं आहे. मी म्हणालो, खरा ड्रायव्हर आरशावर गाडी चालवतो. मानेची गरजच नाही.

रिव्हर्स. आरशात सगळं क्लिअर दिसत होतं.

मांडवाचा खांब आरशाच्या कोपऱ्यात नव्हता, ही माझी चूक नाही, खांबाची आहे. खांब गेला, मग शेजारचा, मग कापड हळूहळू गाडीवर आलं. आतून काही दिसेना. बाहेरून बायका ओरडत होत्या, 'ब्रेक, ब्रेक'. मीच शिकवलेलं. अभिमान वाटला. पण मान आखडल्यामुळे खाली बघता येईना आणि पाय कुठल्या पेडलवर आहे ते कळेना. दुसऱ्या पेडलवर होता.

कुणाला लागलं नाही. गुलाबजामचं पातेलं गेलं.

जोतीरामने कापड बाजूला करून मला उतरवलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला. उरलेलं प्रात्यक्षिक त्याने केलं. बाजूला खुर्चीत बसून मी ऐकलं, एक बाई म्हणाली, "ह्या सरांनी शिकवलं तर बरं, ते पट्ट्यावाले नकोत."

१२ मार्च, बुधवार.

पोलीस ठाण्यात हिचा जबाब. काल संध्याकाळी तिला पूर्ण तयार केलं होतं. कुत्रं डावीकडून आलं, मी प्रसंगावधान राखलं, टेम्पो वेगात होता. तिने विचारलं, "काळं की तांबडं?" मी म्हणालो, तांबडं. म्हणाली, बरं. मला बरं वाटलं. लक्ष देऊन ऐकत होती.

हवालदारांनी विचारलं, काय झालं ते सांगा वैनी.

ही म्हणाली, "कुत्रं न्हवतं. काळं न्हाय, तांबडं न्हाय. ह्यांनी मला ब्रेक मारून दाखवला."

दुसऱ्या बाकावर तोहिद बसला होता. त्याने डोळे मिटले.

मी ताबडतोब परिस्थिती हातात घेतली. म्हणालो, साहेब, हिच्या मानेला, डोक्याला मार बसलाय, अशा वेळी माणसाला नीट आठवत नाही. हवालदार पेन थांबवून म्हणाले, "म्हंजे वैनींना मार लागलाय, हे तुम्हाला मान्य हाय? तुम्ही तर लिहून दिलंय, शेजारी बसलेल्या व्यक्तीस इजा नाही."

मी म्हणालो, तसा फार नाही.

"मग आठवत असंल की त्यांना नीट," हवालदार म्हणाले. खोलीत सगळे हसले. आरोपी असल्यासारखे कोपऱ्यात दोघं बसले होते ते पण.

आता माझाच जबाब पुन्हा घेणार आहेत. तोहिद परवापासून टेम्पोवर. बाहेर आल्यावर त्याने हिला हात जोडले. ही म्हणाली, असू दे, घरी जावा, रोजा सोडायची वेळ झाली.

रिक्षात हिच्याशी बोललो नाही. तिच्या लक्षात आलं की नाही ते कळलं नाही. खिडकीबाहेर बघत होती.

१५ मार्च, शनिवार.

गडहिंग्लजहून हिचा भाऊ यशराज आला. मला नमस्कार केला, पाणी घेतलं आणि हिची बॅग गाडीत ठेवली. बॅग आधीच भरलेली होती. मेहकने तिथल्या फिजिओथेरपिस्टला चिठ्ठी दिलेली. सगळं माझ्या पाठीमागं ठरलं. पाठीमागं बघता येत नसल्यामुळे कळलं नाही.

मी म्हणालो, माझी मान अशी, आणि तू चाललीस?

ती म्हणाली, "महिनाभर तुम्हाला सांगत होते. तुम्ही ऐकून घेतलं असतं तरी निम्मं दुखणं कमी झालं असतं. आता मी बरी व्हायला चालले."

मी विचारलं, कधी येणार? म्हणाली, बघू.

यशराजने पुढच्या सीटचा हेडरेस्ट वर ओढला, तिच्या डोक्याच्या मापाने लावला, मागं हात घालून तपासला. उगाच नाटक. त्यालाही क्लास घ्यायची गरज आहे.

चार दिवसांत येईल. तिला माझ्याशिवाय करमत नाही.

२२ मार्च, शनिवार.

आली नाही. नेटवर्क खराब असेल, फोनही लागत नाही. क्रांतीचा मात्र पुण्याहून लागला. बाबा, आईला विचारल्याशिवाय तिकडं जाऊ नका, म्हणाली. मी म्हणालो, माझ्या मानेचं विचारलं नाहीस. ती म्हणाली, आईनं सांगितलंय सगळं.

हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा स्वतः काढला. आत पुरळ. मान उभी राहीना, डोकं एकीकडं कलायला लागलं. डॉक्टर म्हणाले, टेम्पोनं केलं त्याच्यापेक्षा जास्त नुकसान तुम्ही केलंय. आता व्यायाम पहिल्यापासून, आणि वेळ लागणार. मिसेस कशा आहेत? त्या नियमित करत होत्या.

मी म्हणालो, मस्त आहे. हवापालट.

जोतीराम सोडून गेला. शेजारच्या गल्लीत स्वतःचं स्कूल काढतोय. लेडीज बॅच पूर्ण त्याच्याकडं. जाताना पाया पडला. मला वाकून आशीर्वाद देता आला नाही, वरच्या वर दिला.

व्यायाम केला. एकदा. हनुवटी आत घेतली. बाहेर येताना दुखलं. सोमवारपासून नियमित.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.

नवं वर्ष. आज संयोगिताला घेऊन यायचंच, असा संकल्प करून निघालो. गुढी उभारली नाही, वर बघता येत नाही. गाडी चालवता येत नाही म्हणून एसटीने. खिडकीची जागा मिळाली पण बाहेर बघायचं तर अख्खं शरीर वळवावं लागतं. शेजारच्या पावण्याने दोनदा विचारलं, उतरायचं हाय काय?

गडहिंग्लजला पोचलो. यशराजच्या घरी अंगणात गुढी होती. ही खुर्चीवर बसून व्यायाम करत होती, यशराजची बायको, म्हणजे हिची वहिनी, शेजारी. हनुवटी आत, मग उजवीकडं, मग डावीकडं. म्हशीचं रेडकू सुटून मागं गेलं तर हिने चटकन मागं वळून त्याला हाक मारली. व्यवस्थित वळली. मला बघून बसली होती तशीच बसली.

मी माझ्या मानेचं सगळं सांगितलं. पुरळ, चक्कर, डॉक्टरांचा उद्धटपणा, जोतीरामची गद्दारी. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "व्यायाम करा. लागेल वेळ, पण होईल." एखाद्या पेशंटशी बोलावं तसं.

मी म्हणालो, आणि तू? म्हणजे कधी निघायचं? आता बरी दिसतेस.

म्हणाली, मुंग्या गेल्यात. डोकं अजून दुखतं कधी कधी. बादली उचलवत नाही. मेहक म्हणाली, अजून दोन-तीन महिने. नंतर मी इथंच गाडी शिकणार हाय. यशराजची बायको चालवत्या, ती शिकवेल म्हणाली.

मी म्हणालो, मी आहे ना शिकवायला.

वहिनींनी पुरणपोळी वाढली. चावताना मान दुखत होती, म्हणून मी सांगितलंही, पण तेवढ्यात यशराजने टीव्हीचा आवाज वाढवला.

ही फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, सावकाश जावा, पाचची गाडी चुकवू नका. आणि घराकडं निघाली. मी फाटकाशी उभा राहिलो. वळून बघेल म्हणून.

अंगण मोठं आहे. बघितलं नाही. दार लागेपर्यंत थांबलो.

मान दुखत असणार बिचारीची. मानेला मार लागला की वळता येत नाही. मला माहीत आहे.